मसाल्याला नाव सापडेपर्यंत

आमच्या घरचा काळा मसाला कितीतरी वर्षं बिननावाचाच विकला गेला. मिरची नंदुरबारच्या पथारीवरची, खोबरं आणि कांदा जिजींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातचा करपवलेला. दगडफूल, नागकेशर, मसाला वेलची अमळनेरच्या बाजारातली आणि कांडप आमच्याच गल्लीत. साध्या पारदर्शक पिशवीत भरायचं, तोंड मेणबत्तीवर चिकटवायचं, झालं. होळीनंतर सुरू व्हायचं ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. घेणारी बाई आम्हाला ओळखायची, आम्ही तिला. नाव कशाला लागतंय?

लागलं ते सुरतमुळे. उधना, लिंबायत या भागांत आपली माणसं किती आहेत ते खान्देशातल्या कुणाला सांगायला नको. धाकट्या भाऊजींनी तिथल्या एका किराणा दुकानात थोडा माल ठेवला होता. तो उठला. मग दुकानदाराचा फोन आला, "माल चांगला आहे, पण गिऱ्हाईक परत आलं तर काय म्हणून मागेल? तो पिशवीतला?"

त्याच रात्री जेवणं झाल्यावर घरात नावांचा पाऊस पडला. मुलीच्या जुन्या वहीत मी लिहीत गेले. खान्देशी तडका. अस्सल खान्देश. खान्देशी ठसका. चव खान्देशची. खान्देश स्पेशल. पान भरलं तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त नावांत खान्देश आहे आणि उरलेल्यांत झणझणीत. ह्यांचा आग्रह 'पाटील मसाले'चा. आता अमळनेरात "ओ पाटील" म्हणून हाक मारली तर अर्धा रस्ता मागे वळून बघतो, तिथे पाकिटाकडे कोण बघणार?

माझ्या नणंदेचा मुलगा नाशिकला वकिलांकडे काम करतो, त्यांच्याकडे ट्रेडमार्कची, म्हणजे धंद्याची नावं आणि चिन्हं नोंदवायची, बरीच कामं असतात. वहीच्या पानाचा फोटो त्याला पाठवला. त्याचं उत्तर असं, "मामी, यात एकही नाव नाही. ही सगळी मालाची वर्णनं आहेत." मला राग आला. पण नंतर त्याने फोनवर जे समजावलं ते ऐकून राग गेला, आणि पुढे जे काही केलं ते सगळं त्यावरच बेतलं.

ट्रेड मार्क्स कायदा १९९९ चा. त्याचं कलम ९ म्हणतं की जे नाव फक्त मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग किंवा तो कुठला आहे एवढंच सांगतं, ते एकट्याच्या नावावर करून मिळत नाही. वर्षानुवर्षं वापरून ते नाव लोकांच्या मनात तुमच्याशीच जोडलं गेलंय हे सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी, पण नव्याने सुरू करणाऱ्याकडे तसा पुरावा कुठून येणार? आणि कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशेब आहे. 'खान्देशी तडका' मी लिहिला तर उद्या पारोळ्याचा, चाळीसगावचा, शिरपूरचा माणूस 'खान्देशी झटका' लिहील आणि मला त्याला काही म्हणता येणार नाही. का म्हणावं? खान्देश त्याचाही आहे.

मग नाव कसं हवं? भाच्याने उदाहरणं दिली ती सगळी घरात वापरातली. एव्हरेस्ट मसाला. त्या डोंगरावर मिरचीचं रोप उगवत नाही, म्हणूनच मसाल्याच्या बाजारात ते नाव दुसऱ्या कुणाला गरज म्हणून वापरावं लागत नाही. गाय छाप जर्द्याचा गायीशी काय संबंध? त्याच्याही वरचं म्हणजे मुळात अर्थच नसलेला, घडवलेला शब्द. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने 'कोडॅक' असंच शून्यातून काढलं. आणि या दोन्हींच्या खाली पितांबरीसारखी नावं येतात. पितळ घासायची पावडर असं ते नाव म्हणत नाही, पण पिवळ्या झळाळीची आठवण करून देतं. या तीन थरांतलं नाव घ्यायचं. वर्णनाचं नाव तोंडावर गोड वाटतं, कारण ते समजावून सांगावं लागत नाही, आणि छोटे धंदेवाले तिथेच अडकतात.

माझा प्रश्न होता, मग खान्देश सोडायचा? आमची ओळखच ती. त्यावर तो म्हणाला, सोडायचा कशाला, नावाच्या खाली लिहायचा. वर तुमचं नाव मोठ्या अक्षरात, खाली 'खान्देशी काळा मसाला' लहान अक्षरात. खालची ओळ माल काय आहे ते सांगते, ती कुणीही लिहावी. वरची ओळ फक्त तुमची. हे एकदा डोक्यात बसलं आणि माझी अर्धी चिंता गेली.

अमळनेरकरांना तर याचा दाखला शोधायला गावाबाहेर जायलाच नको. १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड'. नाव कसं, तर कुठली आणि काय बनवते ते सगळं सांगणारं. पुढे त्याच शब्दांतली अक्षरं घेऊन विप्रो झालं. तीच कंपनी नंतर संगणकात गेली. व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाच्या कंपनीकडून बँकेने सॉफ्टवेअर घेतलं असतं का, हा विचार मी कंपनीच्या गेटावरून जाताना दर वेळी करते. हा किस्सा मी ह्यांना सांगितला तेव्हा 'पाटील मसाले' मागे पडलं. पूर्ण नाही, पण मागे.

वहीचं दुसरं पान देवांचं होतं. आमच्याकडे दुकानांची नावं बघा, सप्तशृंगी, मनुदेवी, पद्मालय, मुक्ताई. माझ्या मनात 'कानबाई' होतं. श्रावणात रोट होतात, घराघरात कानबाई बसते, खान्देशाबाहेर हे कुणाकडे नाही, आणि बाईचं नाव, मसाल्याला शोभणारं. मला वाटलं जिजींना हे आवडेल. त्या एकदम म्हणाल्या, "कानबाई मायनं नाव पाकिटवर? मसाला सरना का ते पाकीट उकिरडावर फेकतीन लोके. माले हाई पाप नको." यावर बोलायला काही उरलंच नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला गटार आहे, त्यात कुठल्या कुठल्या देवाची रिकामी पाकिटं तरंगत असतात ते मी रोज बघते.

कायद्याची बाजूही जवळपास तीच निघाली. धार्मिक भावना दुखावतील अशा चिन्हांना नोंदणी नाही. शिवाय देवाधर्माच्या नावावर एकट्याचा हक्क मिळणं कठीण. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्याला देता येणार नाही असा निकाल दिलाय. ह्यांच्या एका मित्राने छत्रपतींच्या नावावरून नाव सुचवलं होतं, तेही गेलं. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्याच्या यादीत शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत, धंद्यासाठी वापरताच येत नाहीत. बाजारात दिसतात ती गोष्ट वेगळी.

मधल्या काळात एका डिझाइन करणाऱ्या मुलाने पैसे घेऊन तीन लोगो पाठवले, तिन्हींवर इंग्रजी नावं, त्यात 'किंग' आणि 'स्पाइसी' हे शब्द आलटून पालटून. जिजींना वाचताही आले नसते. मुलांच्या नावांची आद्याक्षरं जोडून बघण्याचाही एक प्रयोग झाला, विकोसारखं काही निघेल म्हणून. जे निघालं ते औषधाच्या गोळीचं नाव वाटत होतं.

'आखाजी' मात्र सगळ्यांना आवडलं होतं. मसाल्याचा हंगाम आखाजीला संपतो, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, जाताना पिशवीत मसाला जातो. माल काय आहे हे नाव सांगत नाही आणि नातं मात्र सांगतं. मी तर पाकिटाचं चित्रही मनात रंगवलं होतं. मग पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीला, ती कोकणातली, फोन करून विचारलं, आखाजी मसाला हे नाव कसं वाटतं? ती म्हणाली, "छान आहे. आखाजी कोण, तुझे आजेसासरे का?"

तानाजी, संताजी, आखाजी. हे आम्हा खान्देशी कानांना कधी ऐकूच आलं नव्हतं. माझी जाऊ म्हणाली, होऊ दे ना आजोबा, आजोबांच्या नावाचे मसाले नसतात का? पण ज्या अर्थासाठी नाव आवडलं तोच जर नाशिकच्या पुढे पोहोचत नसेल तर आपण ते स्वतःसाठी ठेवतोय, गिऱ्हाइकासाठी नाही. मी ते खोडलं. जाऊ अजून मानत नाही.

शेवटी जे नाव ठरलं ते वहीत नव्हतंच. ऑर्डरींचे मेसेज मी जपून ठेवते, कारण पैसे कुणाचे आले कुणाचे राहिले ते त्यावरूनच कळतं. ते चाळताना दिसलं की बायका आम्हाला एका विशिष्ट नावाने ओळखतात. 'बंगईवाल्या काकूंचा मसाला अर्धा किलो.' 'ताई, बंगईवाल्यांकडून आणशील का.' आमच्या ओसरीवर सागवानी फळीची, चार पितळी कड्यांची जुनी बंगई, म्हणजे झोपाळा, आहे, बाहेरून जाणाऱ्याला दिसते. पत्ता सांगताना लोक बंगईवालं घर म्हणतात. मी भाच्याला एवढंच विचारलं, बंगई चालेल का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामी, मसाल्याशी काही संबंध नाही ना? मग चालेल."

घरात मात्र लगेच चाललं नाही. ह्यांचं म्हणणं, बंगईवर माणूस झोपतो, आळशी लोकांचा मसाला वाटेल. भाऊजींचं म्हणणं खरं वजनाचं होतं, सुरतेत हे कुणाला कळेल? त्यांनी उधन्याच्या त्याच दुकानदाराला फोनवर नाव सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. त्याने लिहिलं 'बंगाली'.

घरच्या घरी ठरवलेल्या नावाचं असं होतं. नाव आपण डोळ्यांनी वाचून निवडतो, पण ते चालतं कानांवर. किराणा दुकानात पंखा गरगरत असतो, मागे पोती उतरत असतात, बाई उंबऱ्यावरून ओरडून मागते, पोऱ्या आत जाऊन शोधतो. त्या गोंधळात नाव टिकलं पाहिजे. म्हणून आम्ही वेगळं करून बघितलं. जुन्याच पिशव्यांवर झोक्याचं साधं रेखाचित्र आणि खाली 'बंगई' असं स्टिकर लावून सुरतेला थोडा माल पाठवला. पुढच्या वेळी दुकानदाराने मागणी नोंदवली ती अशी, "वो झूलेवाला मसाला भेजो." नाव गेलं पण चित्र राहिलं. आणि आपल्याकडचा बाजार पूर्वीपासून चित्रावरच तर चालतो. गाय छाप, घोडा छाप, टोपी छाप. वाचता न येणारं गिऱ्हाईकही बरोबर तेच पाकीट उचलतं. तेव्हा ठरलं की नाव आणि चित्र दोन्ही घ्यायचे, आणि चित्र लहान नाही, पाकिटाच्या निम्म्या भागात. पुढे हळूहळू नावही रुळलं. अमळनेर-धुळ्याकडे बंगई, सुरतेत झूलेवाला.

आता शोध. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकटात शोधता येतं, वकील लागत नाही. सगळे माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले, पीठ, चहा हे ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये. ३० वा वर्ग टाकून मी आधी सरळ नाव टाकलं, मग 'फोनेटिक' म्हणजे उच्चारसाधर्म्याचा पर्याय घेऊन पुन्हा. इंग्रजीत एक अक्षर इकडे तिकडे करून, शेवटचं अक्षर दीर्घ करून, मध्ये 'एच' घालून. यादी मोठी येते. प्रत्येकासमोर स्थिती लिहिलेली असते, नोंदलेलं, हरकत आलेलं, विरोध झालेलं, सोडून दिलेलं. भाच्याने सांगितलं, सोडून दिलेलीही वाच, कारण अर्ज सोडला म्हणजे माल विकणं सोडलं असं नाही. वहीतली काही नावं, ज्यांच्यावर आम्ही रात्र रात्र वाद घातला होता, तिथे आधीच कुणाच्या तरी नावावर होती. वाद घालायच्या आधी हे बघायचं असतं.

नोंदणीच्या यादीत नाही म्हणून नाव मोकळं, असंही नाही. आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, त्याने नोंदणी केली नसली तरी. म्हणून जळगावच्या दाणा बाजारात, धुळ्यात, सुरतेत भाऊजींनी दुकानांतून फिरून मसाल्यांच्या पाकिटांचे फोटो काढले. मी इंस्टाग्राम आणि गूगल बघितलं. संकेतस्थळाचं नाव त्याच दिवशी घेऊन टाकलं.

आणखी एक गैरसमज मला आमच्या बचत गटातल्या प्रत्येकीच्या तोंडी ऐकू येतो. सरकारकडे लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी केली, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर मिळाला, आता नाव आपलं. नाही. त्या कागदांवर नाव असतं, पण त्या नावावर हक्क त्यातून येत नाही. उद्यमचा उपयोग फीसाठी होतो. ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ९,००० रुपये आहेत. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ४,५००. लघुउद्योग म्हणून सवलत हवी तर उद्यमचं प्रमाणपत्र जोडायचं, आणि ते काढायला पैसे पडत नाहीत. नावाचा अर्ज वेगळा आणि चित्राचा वेगळा, म्हणजे फी दुप्पट. ह्यांनी विचारलं, एकाच अर्जात दोन्ही बसत नाही का? बसतं, पण मग हक्क त्या जोडीवर. उद्या कुणी वेगळं चित्र काढून नुसतं बंगई लिहिलं तर आपली बाजू लंगडी. मी दोन्ही भरायला लावले.

अर्जात एक रकाना असतो, हे नाव कधीपासून वापरता? आम्ही मसाला विकतोय वर्षानुवर्षं, तेव्हा जुनी तारीख टाकायचा मोह सगळ्यांना झाला. भाच्याने सरळ नाही म्हटलं. मसाला जुना आहे, नाव जुनं नाही. जुनी तारीख टाकली की प्रतिज्ञापत्र आणि सोबत पुरावे द्यावे लागतात, बिलं, पाकिटं, जाहिराती. आमच्या जुन्या पिशव्यांवर तर काहीच नव्हतं. स्टिकरची पहिली बिलं होती, तीच तारीख दिली, तीच बिलं जोडली.

नावाशेजारी टीएम नोंदणीआधीही लिहिता येतं. गोलातला आर मात्र प्रमाणपत्र आल्यावरच. आधी लिहिणं बेकायदेशीर. छपाईवाला आमच्या फाइलवर तो गोल आपणहून टाकून मोकळा झाला होता, "सगळे टाकतात, ताई." काढायला लावला. छापील पाउचची मोठी ऑर्डरही मी तेव्हा दिली नाही. त्या छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो, त्याचे पैसे आधी मोजायचे, आणि नाव बदललं की सिलिंडर भंगारात. पाउच साधे घेतले आणि स्टिकर चालू ठेवले. दिसायला थोडं कमी, पण झोप लागते.

काही महिन्यांनी परीक्षण अहवाल आला. शब्दावर कलम ११ खाली हरकत होती, म्हणजे उच्चाराने जवळचं एक नाव ३० व्या वर्गात आधीपासून आहे. माझ्या पोटात गोळा आला. भाचा शांत होता, हे बहुतेकांना येतं म्हणाला. उत्तराला ३० दिवस असतात. ती मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरू शकतात, आणि कित्येक छोट्या लोकांचे अर्ज ईमेल न उघडल्यामुळेच जातात. उत्तरात त्याने लिहिलं की समोरचं नाव वेगळ्या मालासाठी आहे, अर्थ वेगळा, दिसायला वेगळं. मसाल्याशी बंगईचा संबंध नाही, हाच आमचा मोठा मुद्दा ठरला. सुनावणी व्हिडिओवर झाली, मी बाजूला बसून ऐकली, फार बोलणं झालं नाही. अर्ज स्वीकारला गेला आणि ट्रेडमार्कच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रसिद्धीपासून चार महिने कुणालाही विरोध करता येतो. शब्दाचे ते महिने सध्या चालू आहेत. चित्राला हरकत आली नव्हती, त्याचं प्रमाणपत्र हातात आलंय, दहा वर्षांसाठी, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

एवढ्यात माझ्या भावाला घाई झालीय. तो रावेरला असतो, केळीच्या मुलखात, आणि वेफर तळायला लागलाय. त्याला पाकिटावर मोठ्या अक्षरात 'जळगाव केळी' हवंय आणि कोपऱ्यात आमची बंगई. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, भरताच्या वांग्यालाही आहे. ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं, कुणी ते एकट्याच्या नावावर करून घेऊ शकत नाही, हे त्याला पटलं. बंगईचं पटत नाही. "ताई, नाव आपलंच ना? मग लावू दे." वेफर २९ व्या वर्गात येतात आणि आमचा अर्ज ३० चा. मी २९ मध्ये शोधून बघितलं तर तिथेही एक जवळचं नाव निघालं, फक्त ते दुधाच्या पदार्थांसाठी आहे. भाचा म्हणतो अर्ज करून बघू, टिकेल. त्याने कागद तयार ठेवलेत. फीचे पैसे भावाने पाठवायचेत, आणि तो म्हणतो आधी केळी विकू दे.